वाचकांचे प्रश्न: कारस्थानी, तरी जवळची

गेल्या अंकात दैनंदिन मालिकांतल्या कारस्थानी बायकांवर एक लेख होता. अशी पात्रं महिनोन्महिने कशी बदलत जातात आणि ज्यांचा राग यायचा त्यांच्यासाठीच प्रेक्षकाचा जीव कसा तुटायला लागतो, हा त्याचा विषय. त्यावर ठाणे आणि नवी मुंबईतून आलेल्या पत्रांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरं पटकथा, संवाद आणि दिग्दर्शन सांभाळणाऱ्या मंडळींनी मिळून लिहिली आहेत.

प्रश्न (नौपाडा, ठाणे): सुरुवातीला जिला बघून टीव्ही बंद करावासा वाटतो, वर्षभराने तिचंच वाईट वाटतं. हे लेखक ठरवून करतात की आपोआप होतं?

थोडं आपोआप, बरंचसं ठरवून. मालिका आठवड्यातून सहा दिवस चालते. महिन्याला साधारण २६ भाग, वर्षाला तीनशेच्या आसपास. अर्ध्या तासातून जाहिराती वजा केल्या की रोज २२ मिनिटांच्या आसपास मजकूर लागतो. एवढं रोज काही घडायचं तर घडवणारं माणूस घरात हवं. सोशिक नायिकेवर गोष्टी येऊन आदळतात, ती स्वतः काही सुरू करत नाही. सुरू करते ती दुसरी. म्हणून एकटीचे सीन तिच्या वाट्याला जास्त येतात. बेत आखताना, दाराची कडी लावताना, बेत उलटल्यावर बाथरूममध्ये तोंडावर पाणी मारताना आपण तिलाच बघतो. ज्या माणसाचा एकांत रोज दिसतो ते माणूस फार काळ परकं राहत नाही.

पण एवढ्याने फक्त राग निवळतो. सहानुभूती यायला आणखी एक गोष्ट लागते: तिची मागणी न्यायाची असली पाहिजे आणि मार्ग चुकीचा.

पुढच्या उत्तरांतही उपयोगी पडेल असं एक काल्पनिक घर घेऊ. नौपाड्यातली जुनी सोसायटी पुनर्विकासाला निघाली आहे. फ्लॅट सासऱ्यांच्या नावावर. थोरला मुलगा आणि सून त्यांच्याजवळ राहतात, धाकटा खारघरला, मुलगी लग्न होऊन ऐरोलीला. सासूबाई गेल्या, पण त्याआधी सहा वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. त्यांचं सगळं थोरल्या सुनेनं, शुभदानं, नोकरी सोडून केलं. आता बिल्डरचा कागद आल्यावर घरात हिश्श्यांची चर्चा सुरू होते आणि त्यात शुभदाचं नाव कुठेच नाही. ती दिरा-जावेत भांडण लावते, नणंदेचे फोन सासऱ्यांपर्यंत पोचू देत नाही, डॉक्टरांचं म्हणणं अर्धंच सांगते. तिचं प्रत्येक कृत्य वाईट आहे. पण “मी काय या घरात पगारी बाई होते?” या तिच्या प्रश्नाला घरातल्या कुणाकडे उत्तर नाही, आणि प्रेक्षकाकडेही नाही. इथून ती आपली व्हायला लागते.

पुष्कळ मालिकांत हे काम दीडशेव्या भागानंतर दुःखी बालपण दाखवून करतात. दारुडा बाप, सावत्र आई, काळा-पांढरा फ्लॅशबॅक. त्याचा परिणाम आठवडाभर टिकतो. जुनं दुःख प्रेक्षकाला फक्त कळतं. आज डोळ्यांदेखत होणारा अन्याय तो स्वतः बघत असतो, म्हणून तो विसरला जात नाही.

प्रश्न (सेक्टर १२, खारघर): अशी व्यक्तिरेखा लिहून बघायची आहे. सुरुवात कुठून करू? पूर्वतयारी काय काय लागते?

सीन लिहायला बसू नका. आधी दोन कागद तयार करा.

पहिल्या कागदावर तिची माहिती, एका पानात. तिला काय हवंय ते सगळ्यात वर लिहा आणि ती गोष्ट हाताला लागेल अशी असू द्या. “मान हवा”, “प्रेम हवं” यावर सीन उभा राहत नाही. “नव्या फ्लॅटच्या करारावर नवऱ्याचं नाव” यावर राहतो, कारण ते मिळालं की नाही हे प्रेक्षकाला दिसतं. त्याखाली असं एक माणूस लिहा, ज्याला ती कधीही दुखावणार नाही. शुभदासाठी ती नणंदेची मुलगी असू शकते, जी क्लाससाठी ठाण्यात येते आणि मामीकडेच राहते. मालिकेचं इंजिन इथे आहे, कारण मामीच्याच एखाद्या बेतात उद्या ही मुलगी सापडणार आहे. मग तिची हुशारी: सोसायटीचे हिशेब, औषधांच्या वेळा, मेडिक्लेमचे कागद, घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलचा पासवर्ड. कारस्थान या हुशारीतूनच यावं. दोनशे भाग स्वयंपाकघरात काढलेली बाई दोनशे एकाव्या भागात फोन हॅक करायला लागली की लोक हसतात. शेवटी ती स्वतःशी कोणतं खोटं बोलते ते लिहा. “मी हे मुलांसाठी करतेय” हे बहुतेकींचं खोटं असतं.

याच पानाच्या मागे तिच्या मार्गांची उतरंड मांडा. खरं न सांगणं, अर्धं सांगणं, खोटं सांगणं, दुसऱ्याच्या तोंडून खोटं वदवणं, कागद लपवणं, कागद बदलणं, पैसे फिरवणं, माणसाला इजा करणं. बारा ते पंधरा भागांत एक पायरी, त्याहून घाई नको. आणि सहानुभूती राखायची असेल तर शेवटच्या पायरीवर पाय ठेवायचाच नाही. दुधात काही कालवलं, जिन्यावर तेल सांडलं, की प्रेक्षक तिला सोडतो आणि मग कितीही रडवली तरी परत येत नाही. टीआरपी घसरल्याच्या आठवड्यात नेमकी हीच पायरी सुचवली जाते. तेव्हा अडून बसावं, असं आम्हाला मनापासून वाटतं.

दुसरा कागद म्हणजे “कोणाला काय माहीत” हा तक्ता. आडव्या रांगेत घरातली माणसं, उभ्या रांगेत गुपितं. प्रत्येक चौकटीत त्या माणसाला ते गुपित कोणत्या भागात आणि कशामुळे कळलं याची नोंद. हे किचकट वाटतं, पण याशिवाय कारस्थान लिहिता येत नाही. मालिकेत कथा, पटकथा आणि संवाद लिहिणारी माणसं बहुधा वेगवेगळी असतात. तक्ता नसेल तर बुधवारी जी गोष्ट धाकट्या जावेला माहीतच नव्हती, त्यावर ती शुक्रवारी टोमणा मारते. प्रेक्षक अशा चुका लगेच पकडतात आणि बेतावरचा त्यांचा विश्वास उडतो.

आता आखणी. साठ भाग म्हणजे दहा आठवडे, एवढाच टप्पा धरा. त्यात तीन मोठे बेत पुरतात. एक पूर्ण फसू द्या, एक पूर्ण यशस्वी होऊ द्या, आणि तिसरा यशस्वी होऊनही नको ते घडवून जाऊ द्या. सतत हरणारी कारस्थानी बाई विनोदी पात्र होते. सतत जिंकणारी घरातल्या बाकीच्यांना बावळट ठरवते आणि मग नायिकेवरचाही विश्वास जातो. तिसरा प्रकार सर्वात मोलाचा. शुभदा नणंदेचं येणं बंद पाडते, बेत फत्ते होतो, पण त्यामुळे भाचीचंही मामीकडे राहणं संपतं. रात्री ताट मांडताना एक ताट जास्त काढलं जातं. इथे संवाद लिहू नका, एक ओळसुद्धा नको.

भागाचा शेवट तीन वेळा चेहऱ्यांवर झूम करून करण्याची सवय अजून गेलेली नाही. त्यापेक्षा शेवट तिच्या एखाद्या निर्णयावर ठेवा. ती कागद फाडायला घेते आणि फाडत नाही, एवढंही पुरतं. उद्याचा भाग बघायला माणूस येतो तो ती काय करेल यासाठी.

प्रश्न (पाचपाखाडी, ठाणे): मालिकांत विजेच्या बिलांच्या गठ्ठ्यात एक कोरा कागद सरकवून म्हाताऱ्याची सही घेतात आणि दुसऱ्या दिवशी घर सुनेच्या नावावर! हे कधी थांबणार?

लेखकांनी एकदा दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जाऊन बसलं तर लगेच थांबेल. घर बक्षीसपत्राने द्यायचं किंवा हक्कसोडपत्राने आपला हिस्सा सोडायचा, तर दस्त नोंदवावा लागतो. तिथे दस्त करून देणाऱ्याचा फोटो निघतो, अंगठ्याचा ठसा घेतला जातो, ओळख पटवली जाते. बिलांच्या गठ्ठ्यातल्या सहीने घर कुणाच्या नावावर होत नाही.

आणि खरं सांगायचं तर कायदा पाळल्याने नाट्य वाढतं. मृत्युपत्राची नोंदणी सक्तीची नाही, पण दोन साक्षीदार लागतात. म्हणजे शुभदाने सासऱ्यांना मृत्युपत्र करायला राजी केलंच, तर तिला दोन माणसं शोधावी लागतील. कोण? शेजारचे निवृत्त काका? त्यांना सगळ्या घराची माहिती आहे. मेडिकलवाला? तो नणंदेच्या नवऱ्याचा मित्र आहे. एका कलमातून चार सीन मिळतात.

दुसरी फसवी गोष्ट नॉमिनेशनची. सोसायटीत नॉमिनी म्हणून नाव लागलं की घर आपलं झालं, अशी समजूत ठाण्यातल्या निम्म्या जिन्यांवर ऐकू येते. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सोसायटी त्याच्याशी व्यवहार करते, मालकी वारसांकडे किंवा मृत्युपत्राप्रमाणे जाते. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्याने मुलगे आणि मुलगी यांचा वाटा सारखाच, आणि नवरा हयात असताना सुनेला सासऱ्यांच्या घरात वारसाहक्क नाही.

आता हे शुभदाच्या गोष्टीत लावून बघा. ती चाळीस भाग धडपडून नॉमिनेशनच्या फॉर्मवर नवऱ्याचं नाव लावून घेते. खोटं बोलते, भाचीला गमावते. आणि मग सासरे गेल्यावर वकील दोन वाक्यांत सांगतात की या फॉर्मने फारसं काही साधत नाही. तिला कुणी दारामागून ऐकलेलं नाही, कुणी रंगेहाथ पकडलेलं नाही, नायिकेने मुस्काटात मारलेली नाही. तरी तिचं सगळं गेलं. प्रेक्षक त्या क्षणी तिच्या बाजूला जाऊन उभा राहतो.

नवी मुंबईतली गोष्ट असेल तर साडेबारा टक्क्यांचा भूखंड हा याहून मोठा विषय आहे. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना १९७० ची. गावांच्या जमिनी संपादित झाल्या, १९८४ च्या जानेवारीत उरण भागातल्या शेतकऱ्यांच्या आंदोलनात गोळीबार होऊन पाच जणांचे जीव गेले, आणि पुढे संपादित जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. वारसांची यादी देताना बहिणींची नावं गाळणं, वर्षानुवर्षं अडकलेल्या फाइलचा खरा पत्ता घरात एकालाच माहीत असणं, हे अशा कुटुंबाच्या कथेतलं खरंखुरं कारस्थान होईल. त्यासाठी विषाच्या बाटल्या लागत नाहीत.

प्रश्न (सेक्टर १७, वाशी): वर्षभर छळणारी बाई एका शनिवारी अचानक सुधारते, सगळ्यांच्या पाया पडते आणि सोमवारपासून गोड बोलायला लागते. असं का करतात?

कारण निर्णय घाईत होतात. कोणती मालिका किती लोक बघतात हे मोजणाऱ्या बार्क या संस्थेचे साप्ताहिक आकडे गुरुवारी येतात आणि ते आधीच्या शुक्रवारी संपलेल्या आठवड्याचे असतात. तोवर पुढचे काही भाग चित्रित होऊन साठ्यात पडलेले असतात. आकडा उतरला की चालू कथानक गुंडाळा, नवीन आणा, असा निरोप येतो. मग ज्या बदलाला दोन महिने द्यायचे तो दोन भागांत उरकला जातो. कधी अभिनेत्रीच्या तारखा संपत आलेल्या असतात. कधी पात्र इतकं आवडायला लागलेलं असतं की तिला वाईट ठेवण्याचीच भीती वाटते. ही तिसरी वेळ सर्वात नाजूक असते.

बदल पटायला हवा असेल तर तीन गोष्टी सांभाळा. पहिली: तिची इच्छा बदलू नका, मार्ग बदला. शुभदाला शेवटपर्यंत त्या घरात आपलं नाव हवंच आहे. ती फक्त उतरंडीवरून खाली येते, खोटं सांगण्यापासून खरं न सांगण्यापर्यंत आणि तिथून खरं सांगण्यापर्यंत. दुसरी आणि सगळ्यात महत्त्वाची: कबुली पकडले जाण्याच्या आधी यावी. पकडल्यावर दिलेली कबुली ही शरणागती असते. कुणालाही काही कळलेलं नसताना, सांगितल्याने स्वतःचं नुकसान होणार हे माहीत असताना ती बोलते, तेव्हाच प्रेक्षक तिला बदललेली मानतो. आणि ती आधी घरातल्या सर्वात दुबळ्या माणसाकडे जाते, सासऱ्यांच्या खुर्चीपुढे नाही. इथे भाचीकडे.

तिसरी गोष्ट क्षमेची. सगळ्यांनी एकाच सीनमध्ये माफ करू नये. धाकटी जाऊ महिनाभर तिच्या हातचा चहा घेत नाही, दीर लगेच विसरतो, नणंद तोंडाने माफ करते पण लॉकरची किल्ली स्वतःकडे ठेवते. प्रत्येकाचा वेग वेगळा ठेवलात तर सुधारलेल्या बाईकडेही तीस-चाळीस भागांचा मजकूर उरतो. तिची हुशारीही काढून घेऊ नका. बिल्डर पर्यायी जागेचं भाडं थकवतो तेव्हा त्याला कोंडीत पकडणारी तीच असली पाहिजे, त्याच जुन्या युक्त्यांनी.

‘आई कुठे काय करते’ (डिसेंबर २०१९ ते नोव्हेंबर २०२४) मधली संजना यासाठी बघण्यासारखी आहे. तिला चांगली करण्याआधी मालिकेने तिची जागा बदलली. बाहेरची बाई होती ती त्याच घराची सून झाली, आणि ज्या असुरक्षिततेत तिने नायिकेला, अरुंधतीला, ढकललं होतं ती तिच्याच वाट्याला आली. पश्चात्तापाचं भाषण न देता सहानुभूती मिळवण्याचा हा फार चांगला मार्ग आहे.

प्रश्न (ऐरोली): मधेच अभिनेत्री बदलली की पात्र मोडत नाही का?

मोडू शकतं, पण मोडायलाच हवं असं नाही. ‘माझ्या नवऱ्याची बायको’मधली शनाया आधी रसिका सुनील, मग ईशा केसकर आणि पुन्हा रसिका सुनील यांनी केली, तरी शनाया शनायाच राहिली. अशा वेळी पात्राच्या बोलण्यातल्या लकबी, हाक मारायची पद्धत, कपड्यांचा ढंग तसाच ठेवायचा. नव्या अभिनेत्रीला पहिल्या दिवशी रडण्याचा मोठा सीन देऊ नये. छोटा, रोजचा, जुन्या सवयीचा सीन द्यावा आणि समोरच्या पात्राने तिच्याशी पूर्वीसारखंच वागावं. अपघात आणि प्लास्टिक सर्जरी हा खुलासा प्रेक्षकाने कधी मागितलेला नसतो. दुसऱ्या टोकाचं उदाहरण अमेरिकेतलं: ‘ऑल माय चिल्ड्रन’मधली एरिका केन १९७० पासून २०११ पर्यंत एकट्या सुझन लुची यांनी केली. सोडून गेलेल्या बापाची पोकळी हा त्या पात्राचा धागा सुरुवातीपासून होता, आणि एकेचाळीस वर्षांच्या कारस्थानांना तो पुरला.

प्रश्न (घणसोली गाव): आमच्या आगरी बोलीतली बाई मालिकेत आली की एकतर हसवायला येते नाहीतर भांडायला. कारस्थानी पण मनाला भिडणारी आगरी बाई लिहिता येणार नाही का?

यायलाच हवी. बोली विनोदासाठी वापरली की पात्र पहिल्या वाक्यातच सपाट होतं. घरात ती बोलीतच विचार करते हे धरून चाला. सिडकोच्या टेबलासमोर ती प्रमाण भाषा जपून, मोजून बोलेल, आणि बाहेर पडून रिक्षात बसल्यावर भावाला म्हणेल, “मना काय येरी समजलास?” प्रेक्षकाला तिची दोन रूपं भाषेवरूनच कळतील. बेत आखताना ती कोणत्या भाषेत बोलते आणि खरं बोलताना कोणत्या, हे आधी ठरवून तक्त्यात लिहा. संवाद गावातल्या एखाद्या वयस्कर बाईकडून वाचून घ्या. घणसोली, करावे आणि उरणकडच्या बोलण्यात फरक आहे, तो तिथलाच माणूस सांगू शकतो. आणि अभिनेत्रीला वाचनासाठी निदान आठवडा द्या. सेटवर ऐन वेळी शिकवलेली बोली चेष्टा वाटते.

प्रश्न (कोपरी, ठाणे पूर्व): अशा बायकांविषयी कणव निर्माण करणं समाजासाठी घातक नाही का? लोक वाईटाचंच अनुकरण करतील.

काळजी रास्त आहे आणि ती टीव्हीच्या आरंभापासूनची आहे. मेक्सिकोत मिगेल साबिदो यांनी १९७० च्या दशकात मालिकांमधून समाजशिक्षण करण्याची एक पद्धत बसवली. त्यात तीन प्रकारची पात्रं असतात: चांगलं वागणारी, वाईट वागणारी आणि मधली, म्हणजे चुकत-माकत एका बाजूकडून दुसरीकडे जाणारी. शिकवण पोचते ती या मधल्यांमुळे, कारण बहुतेक प्रेक्षक स्वतःला तिथे बघतात. आपल्याकडे ७ जुलै १९८४ ला दूरदर्शनवर सुरू झालेली ‘हम लोग’ याच विचारावर बेतलेली होती. मनोहर श्याम जोशींनी लिहिलेले १५६ भाग, आणि भागाच्या शेवटी अशोक कुमार येऊन प्रेक्षकांशी बोलत.

त्या मालिकेच्या अभ्यासातून एक गोष्ट पुढे आली. सगळं सोसणारी आई भागवंती “असं वागू नका” हे दाखवण्यासाठी होती, पण अनेक प्रेक्षकांनी तिलाच आदर्श मानलं. म्हणजे धोका कारस्थानी पात्रापुरता नाही. मुकाट सोसणाऱ्या पात्राचंही अनुकरण होतं, आणि त्याची काळजी आपण फार कमी करतो. आमचं मत असं की शुभदासारखी बाई घातक ठरते ती तिच्या कृत्याची किंमत दाखवली नाही तर. भाचीचं ताट रिकामं राहिलं पाहिजे. ते दाखवलं की कणव आणि विवेक एकाच सीनमध्ये येतात.

प्रश्न (घोडबंदर रोड, ठाणे): आमच्या भागातल्या बंगल्यांत मालिकांची शूटिंगं चालतात. कॅमेऱ्याने अशा पात्राला वेगळं दाखवता येतं का?

येतं, आणि बरंचसं न केल्याने येतं. खालून लावलेला कॅमेरा, उंचावलेली भुवई, कर्कश पार्श्वसंगीत आणि मोठी टिकली हे सगळं “ही वाईट” असं आधीच सांगून टाकतं. तिलाही नायिकेसारखंच डोळ्यांच्या पातळीवरून घ्या. बेत आखतानाचा क्लोज, म्हणजे चेहऱ्याचा जवळून घेतलेला शॉट, थोडा जास्त वेळ धरा, तीन-चार सेकंद जास्त. विचार डोळ्यांत येतो आणि जातो, तेवढा वेळ एडिटमध्ये कापला जातो. तिच्या हाताला काम ठेवा: वाटाणे सोलणं, गोळ्यांची पट्टी कापणं. हातातलं काम थांबलं की काहीतरी शिजतंय हे न सांगता कळतं. स्वतःशी मोठ्याने बोलणं टाळा. बेत सांगणं गरजेचंच असेल तर ती तो कुणालातरी खोट्या रूपात सांगते, असा सीन करा.

आवाजाकडे विशेष लक्ष हवं. कारस्थान हळू आवाजात होतं, आणि घोडबंदरला रस्त्याची वर्दळ आणि पावसाळ्यात पत्र्यावरचा पाऊस दोन्ही आहेत. कपड्यात लावलेला माइक कुजबुजीबरोबर साडीची सळसळही उचलतो, म्हणून अशा सीनला सुती साडी द्यावी आणि सीन झाल्याबरोबर त्याच जागी फक्त आवाजाचा एक टेक घेऊन ठेवावा. नंतर डबिंगला बोलावलेल्या अभिनेत्रीचा श्वास तसाच जुळेल याची खात्री नसते. आवाज कमी पडतो म्हणून तिला मोठ्याने बोलायला लावलं की ती कारस्थानी न वाटता भांडखोर वाटायला लागते.

प्रश्न (मानपाडा, ठाणे): याच धर्तीचं पात्र घेऊन एकांकिका करतोय. घाणेकर नाट्यगृहात पाऊण तासात हे सगळं कसं बसवायचं?

सगळं बसवू नका. मालिकेत आठ पायऱ्या चढता येतात, एकांकिकेत एकच. बाई पाचव्या पायरीवर उभी आहे, कागद तिच्या हातात आहे, तो लपवलेला आहे हे प्रेक्षकाला पहिल्या तीन मिनिटांत कळलं पाहिजे. पुढचा सगळा वेळ ती तो बदलते की परत ठेवते, एवढाच. पात्रं चारच्या वर नेऊ नका आणि फ्लॅशबॅक तर अजिबात नको. मालिकेतला क्लोज रंगमंचावर मिळत नाही, शेवटच्या रांगेला डोळे दिसत नाहीत. म्हणून विचार वस्तूवर आणा: कागद कुठे ठेवलाय, ती त्याच्यापासून किती पावलं दूर आहे, कोण त्याच्या जवळ जाऊन बसतंय. तालमीत रंगमंचावर खडूने त्या जागा आखून घ्या आणि आधी दोन तालमी संवादांशिवाय, नुसत्या हालचालींच्या करा. ती जागा सोडून जायला घाबरतेय हे त्या मुक्या तालमीत दिसलं, तर संवादातली निम्मी वाक्यं कापता येतील.